गुडघ्यापाशी विरलेले लुगडे

मी एक जुने इरकली लुगडे आहे. जांभळे अंग, लाल काठ आणि लाल पदरावर पांढरी टोकदार नक्षी. गुडघ्यांपाशी मी इतके विरले आहे की उजेडात धरले तर पलीकडचा माणूस दिसतो. मित्रांनो, जुन्या वस्तू स्वतःबद्दल बोलू लागल्या की शेवटी गळा काढतात आणि मला जपा म्हणून विनवतात, हे मला ठाऊक आहे. मी तसे काही करणार नाही. एका वाक्यापाशी मी सव्वीस वर्षे वाकले आणि एका रविवारी वाकले नाही, तेवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म हातमागावर झाला. मला विणणाऱ्या आजोबांना जवळचे नीट दिसत नव्हते, पण काठ अंगाला जोडताना त्यांचा धागा कधी चुकला नाही. पुढे मी कोरेगावच्या बाजारात एका दुकानात आले. तिथे बाळाबाईच्या वडिलांनी तासभर दुकानदाराचे डोके खाऊन मला निवडले. थोरली लेक सासरी निघाली होती आणि तिच्या पाठवणीला मी हवे होते.

बाळाबाईने मला दोनदाच नेसले. पहिल्यांदा पाठवणीला. दुसऱ्यांदा ती नवऱ्याच्या मागोमाग मुंबईकडे आली आणि कोपरखैरण्याच्या नव्या खोलीत तिने दूध उतू घातले, त्या दिवशी. शेजारणी म्हणाल्या, काय खुलून दिसतंय गं तुला. तिने पदर सावरला आणि उगाचच भांडी लावायला घेतली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मीही नवेच होते आणि मला वाटले, आता सणासुदीला माझे दिवस येतील.

ते आले नाहीत. तिचा नवरा हौसेराव तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. दिवसभर पाठीवर पोती वाहायची आणि संध्याकाळी आरशासमोर उभे राहून संवाद म्हणायचे, असा माणूस. त्याच्या हमालांच्या टोळीची दरवर्षी बाजारात सत्यनारायणाची पूजा असते आणि पूजेच्या रविवारी दुपारी नाटक. रविवारी बाजार बंद, म्हणून गाळ्यांपुढच्या मोकळ्या जागेत फळ्या टाकून रंगमंच उभा राहतो. पोती उचलायच्या लोखंडी हुकाने वीस किलोच्या वजनावर ठोका घातला की झाली घंटा. असे तीन ठोके झाले की नाटक सुरू.

नाटक ठरलेले, 'सोनाईचा उंबरा'. टोळीच्या जुन्या मुकादमांनी ते स्वतः वहीत लिहून काढले होते. सोनाई ही सालस सून. घरातले धान्य चोरून माहेरी धाडल्याचा आळ तिच्यावर येतो, नवरा तिला घराबाहेर काढतो, आणि शेवटी खरा चोर दीर निघतो. सोनाई अर्थातच पुरुषाने करायची. आपल्या बायका चार लोकांत तोंड रंगवून उभ्या राहणार का, असे सगळे म्हणत, आणि बायकांना कुणी विचारले नव्हते. तर पहिल्या वर्षी सोनाई झाला हौसेराव. भाड्याने आणलेले पातळ त्याला आखूड पडले, तेव्हा तो बायकोला म्हणाला, तुझं लुगडं एक दिवस दे. तिने दिले.

टोळीचा एक रिवाज होता, तो तिला माहीत नव्हता. नाटक संपले की नारळ फुटे, आणि रंगमंचावर चढलेली प्रत्येक वस्तू पूजेची होई. ती परत घरात वापरायची नाही. दुसऱ्या दिवशी बाळाबाई मला मागायला गेली तेव्हा जुन्या मुकादमांनी तिला हे गोड शब्दांत समजावले. ती रिकाम्या हातांनी घरी गेली. मी डांबराच्या गोळ्यांबरोबर लोखंडी ट्रंकेत गेले. आणि गंमत बघा, ती ट्रंक ठेवली कुठे, तर हौसेरावच्याच खोलीत, पलंगाखाली. सव्वीस वर्षे बाळाबाई माझ्यावर झोपली. नेसू मात्र शकली नाही.

खोटे कशाला बोलू, मला ते दिवस आवडले. वर्षातून एकदा का होईना, तीनशे माणसे माझ्याकडे डोळे लावून बसत. हौसेराव माझ्यासाठी मिशी काढायचा आणि पुढे पंधरा दिवस बाजारात तसाच हिंडायचा, पण कुणी त्याची टिंगल करत नसे. त्याने सोनाईची एक चाल बसवली होती. पदराचे टोक दोन बोटांत, मान जराशी कलती, आणि पाऊल असे दाबून टाकायचे की जणू जमिनीलाही लागू नये. बायका ती चाल बघून हळहळायच्या. शेवटच्या प्रवेशात नवऱ्याला सारे कळते, आणि तरी सोनाईच त्याच्या पायांवर कोसळते. "माझंच चुकलं, धनी. पदरात घ्या." इथे मी दोन्ही गुडघ्यांवर फळीला घासायचे आणि समोर बायकांच्या बाजूला हुंदके फुटायचे. मला वाटायचे, हे माझे यश.

पुढे पुढे माझ्या लक्षात आले की नाटक फळ्यांवरून उतरून वस्तीत राहायला आले आहे. हळदीकुंकवाला निघालेल्या पोरीबाळी हौसेरावची चाल चालू लागल्या. खरेच सांगते. शंभर किलोंची पोती वाहणारा गडी बाईसारखा चालायला शिकला होता, आणि आता बायका त्या गड्यासारख्या चालत होत्या. ट्रंकेत पडल्या पडल्या मला हसू यायचे. पण चालीबरोबर ते वाक्यही घरोघर गेले, आणि ते हसण्यासारखे नव्हते. आया लेकींना सांगत, सासवा सुनांना सांगत, सोनाईसारखं वागावं. भांडण कुणाचेही असो, चूक कुणाचीही असो, ते वाक्य म्हणून टाकायचे की घर शांत. हौसेरावच्या घरातही तेच. नक्कल, म्हणजे आपले संवाद, पाठ करताना तो वही बाळाबाईच्या हातात द्यायचा आणि ती पोळ्या लाटता लाटता त्याच्या चुका काढायची. सगळे नाटक तिला तोंडपाठ होते. ते वाक्य तर तिने घरात किती वेळा म्हटले असेल, त्याची गणती मी ठेवली नाही.

शेजारच्या खोलीत निशिगंधा नावाची नवी सून आली. हसरी मुलगी. लग्नाला वर्ष झाले नाही तोच तिचा नवरा हात उचलू लागला. एका दुपारी ती बाळाबाईकडे आली आणि पलंगावर, म्हणजे माझ्या डोक्यावरच, बसून रडली. बाळाबाईने तिला चहा दिला, डोक्याला तेल लावून दिले, आणि शेवटी म्हणाली, "जा, पाया पड आनि म्हन, माझंच चुकलं. मिटंल." मी ते कानांनी ऐकले. त्यात दुष्टावा नव्हता. तिला दुसरे काही शिकवलेच नव्हते.

निशिगंधा गेली आणि तसे म्हणाली. मिटले. पंधरा दिवसांनी पुन्हा झाले, पुन्हा म्हणाली, पुन्हा मिटले. नवऱ्याला त्याची सवय लागली. बायको स्वतःच चूक कबूल करते म्हटल्यावर त्याचा हात आणखी मोकळा झाला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याने तिचे मनगट मोडले. भाऊ येऊन तिला उलव्याला आपल्या घरी घेऊन गेला. मनगट पुढे वाकडेच जुळले. जाताना ती बाळाबाईला म्हणाली, "काकी, मी दर वेळी म्हनले होते." बस्स, एवढेच. त्यात दोष दिलेला नव्हता, म्हणून तर बाळाबाई रात्रंदिवस त्या एका वाक्याशी झगडत राहिली. मीही राहिले. मी सव्वीस वर्षे ज्याला यश म्हणत होते, ते हे होते.

यंदा पूजा जवळ आली आणि हौसेरावचे गुडघे साथ देईनात. इतकी वर्षे पाठीवर पोती आणि वर्षातून एकदा सोनाई. डॉक्टरांनी सांगितले, खाली बसायचे नाही. सोनाईला तर गुडघ्यांवर बसल्याशिवाय शेवटच नाही. टोळी खोलीत जमली. आताचा मुकादम म्हणजे जुन्या मुकादमांचा मुलगा दिलीप, सोनाईच्या नवऱ्याचे काम तोच करतो. वडिलांची वही तो लाल फडक्यात बांधून आणायचा आणि हातपाय धुतल्याशिवाय तिला शिवायचा नाही. मनाने वाईट नव्हता हो. फक्त त्या वहीत माणसाच्या हातची शाई आहे हे तो विसरला होता, त्याला ती पोथीच वाटायची.

सगळे डोके खाजवत बसले असताना चहाचे कप उचलता उचलता बाळाबाई म्हणाली, सोनाई मी करते. मग सगळे एकदम बोलू लागले. रिवाज, टोळीचे नाव, गावाकडचे लोक, चारचौघे. बाळाबाईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की मग लुगडे कुठून आणणार. ट्रंकेतले आहे की, दिलीप म्हणाला.

"ते माझ्या बापानं घेतल्यालं हाय," ती म्हणाली. "टोळीनं न्हाय."

"वहिनी, ते आता देवाचं झालंय."

"मग देवाला नेसवा आनि उबा करा फळ्यांवर."

नेरूळच्या कॉलेजात शिकणारी तिची मुलगी उत्कर्षा दारात उभी होती, ती खो खो हसली. हौसेराव हसला नाही. त्याने पलंगाखालून ट्रंक ओढली, गुडघा धरून कण्हत कण्हत, आणि मला बाहेर काढून बायकोच्या हातात दिले. सव्वीस वर्षांनी तिचे हात मला लागले. ते माझ्याइतकेच झिजले होते.

दुसरी सोनाई मिळत नव्हती, म्हणून टोळीला होकार द्यावा लागला. आता खरा तमाशा ऐका. पहिल्या तालमीत बाळाबाई मला नेसून विंगेतून चालत आली. साधी चालली, बाजारातून भाजी घेऊन येताना चालते तशी. दिलीपने हात वर करून थांबवले आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, बाई अशी चालत न्हाय."

तिने खाली आपल्या पायांकडे पाहिले. पंचेचाळिशी ओलांडलेली, दोन बाळंतपणे केलेली, रोज चार जिने चढणारी बाई, आणि तिला सांगत होते की तुझे चालणे बाईचे नाही. त्यांनी इतकी वर्षे हौसेरावची सोनाई पाहिली होती, म्हणून खरी बाई त्यांना खोटी वाटली. एकाने तर उठून चालून दाखवले. मला असा संताप आला की माझ्या निऱ्या सुटायला आल्या. बाळाबाई मात्र शांतपणे म्हणाली की मी अशीच चालणार, आणि पुढचा संवाद सुरू केला. एक शब्द चुकला नाही. दिलीपला वही उघडायची वेळच आली नाही.

शेवटच्या प्रवेशापाशी ती थांबली. हे वाक्य मी म्हणणार नाही, तिने सांगितले. दिलीप म्हणाला, बाबांच्या नाटकातले अक्षर बदलणार नाही, आणि बाया तर त्याच वाक्याला रडतात.

"रडत्यात, आनि घरी जाऊन तेच म्हनत्यात," बाळाबाई म्हणाली. "निशिगंधाला हे वाक्य मी दिलं, मुकादम. तिच्या मनगटात ते माझ्या हातानं गेलं. मी परत म्हननार न्हाय, आत्ताच सांगते."

दिलीपने वही फडक्यात बांधली. बाजारात फलक लागले होते, पूजेचे आमंत्रण गावापर्यंत गेले होते, आता नाटक रद्द करणे त्याला शक्य नव्हते. जाताना तो हौसेरावला हळूच म्हणाला, तीनशे लोक समोर दिसले की सगळ्यांनाच नक्कल आठवते, वहिनीही म्हणतील. आणि विंगेत वही घेऊन उभे राहायचे काम त्याने हौसेरावलाच दिले. त्या संध्याकाळी नवराबायको जेवले, भांडी घासली गेली, आणि त्या विषयावर एक अक्षर कुणी काढले नाही. हौसेराव कुणाच्या बाजूचा आहे हे मला कळेना, आणि मला वाटते त्यालाही कळत नव्हते.

रविवार उजाडला. दुपारी तीनच्या उन्हात वजनावर हुकाचे तीन ठोके पडले. मी घाबरले होते. माझी घडीच तशी पडली होती. माझ्या धाग्यांना ती जागा माहीत होती, तिथे आले की मी आपोआप दुमडायचे. आणि बाळाबाई चालत आली, आपल्या चालीने. पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत निशिगंधा बसली होती, उलव्याहून भावाबरोबर आलेली. पहिला अंक होईपर्यंत चालीचे कुणाला काही वाटेनासे झाले. आळ येतो त्या प्रवेशात तर एक म्हातारी मोठ्याने म्हणाली की चोर तो दीर आहे, हिला का छळता. हौसेरावला कधी असे कुणी म्हटले नव्हते.

शेवटचा प्रवेश आला. दिलीपने वाक्य टाकले, "सोनाई, मला सारं कळलं," आणि रिवाजाप्रमाणे पाय जरा पुढे करून, छाती काढून उभा राहिला. आता मी वाकायचे. माझ्या गुडघ्यांपाशी विरलेल्या जागा ताणल्या गेल्या. बाळाबाई हलली नाही. एक क्षण, दोन क्षण. दिलीपने डोळ्यांनी खूण केली.

"कळलं ना, धनी?" ती म्हणाली. "मग आता तुमी बोला."

दिलीपला पुढे वाक्यच नव्हते. वहीतला नवरा इथे काही बोलत नाही, तो फक्त उचलून घेतो. त्याने विंगेकडे पाहिले. विंगेत हौसेराव वहीवर बोट ठेवून उभा होता, आणि त्या बोटाखाली सोनाईचे वाक्य होते. त्याने बायकोकडे पाहिले. मग त्याने वही मिटली. आणि जो माणूस सव्वीस वर्षे ते शब्द गुडघ्यांवर बसून म्हणत आला होता, त्याने ते उभ्याने, दबक्या आवाजात दिलीपला सांगितले.

"माझंच चुकलं."

दिलीपने मान झटकली. हौसेरावने पुन्हा सांगितले, या वेळी पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे. "माझंच चुकलं. म्हन, मुकादम."

तेवढ्यात निशिगंधा उठून उभी राहिली. वाकडे मनगट दुसऱ्या हातात धरून उभी राहिली, तेवढेच. दिलीपला ती दिसली. त्याची काढलेली छाती हळूहळू खाली बसली आणि नट गेला, साधा माणूस उरला. तो म्हणाला, "माझंच चुकलं, सोनाई."

या वेळी कुणी हुंदके दिले नाहीत. मग मागून एक शिट्टी आली आणि टाळ्या सुरू झाल्या, आधी बायकांच्या बाजूने.

एका नाटकाने माणसे बदलली, असे मी तुम्हाला सांगणार नाही. दोन म्हातारे तिथूनच उठून गेले. टोळीच्या ग्रुपवर आठवडाभर शिव्यांचा पाऊस पडला, बायका डोक्यावर बसवल्या म्हणून. निशिगंधाचा नवरा आहे तसाच आहे, आणि ती परत गेली नाही. पण आमच्या चाळीत एक नवे वाक्य ऐकू येऊ लागले आहे. परवाच तिसऱ्या मजल्यावर गॅस कुणी चालू ठेवला यावरून भांडण झाले आणि शेवटी बाई म्हणाली, कळलं ना, मग आता तुमी बोला. मी कान देऊन ऐकत होते.

हो, मी आता ट्रंकेत नाही. त्या रविवारी नारळ फुटला, दिलीप रिकामी ट्रंक उघडून उभा राहिला, आणि बाळाबाई मला नेसूनच बाजारातून बाहेर पडली. भर रस्त्याने, चहाच्या टपरीवरून, रिक्षांच्या रांगेसमोरून, आपल्या चालीने. कुणी हटकले नाही. गुडघ्यांपाशी उत्कर्षा रफू करून देणार होती. बाळाबाई नको म्हणाली. राहू दे दिसत, म्हणाली.

मागच्या आठवड्यात दिलीप घरी आला. लाल फडके सोडले, वही उघडली, आणि शेवटच्या पानावर सोनाईच्या वाक्याशेजारी नवऱ्याचे वाक्य आपल्या हाताने लिहिले. शाईने नाही, पेन्सिलीने. बाबांची वही आहे वहिनी, तो म्हणाला, उद्या टोळीने नको म्हटले तर खोडता आले पाहिजे.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर घडी घालून जपू नका, नेसा. आणि कुणाच्या तोंडी कोणते शब्द देता, ते नीट बघून द्या, कारण लोक ते घरी घेऊन जातात. पेन्सिलीचे काय, खोडायचे तर खुशाल खोडा. मला ते पाठ झाले आहे.